गोंदणातील रेषा : ठळकपणाचे तंत्र व त्याचा इतिहास

१

भारतातील गोंदणाविषयी जे जुने लेखन उपलब्ध आहे त्यात आकृतींचा विचार पुष्कळ आढळतो. रेषेचा विचार मात्र फारसा आढळत नाही. बी. ए. गुप्ते यांनी १९०२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात स्त्रियांच्या गोंदणाकृतींवर टिपणे प्रसिद्ध केली. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) निरनिराळ्या समाजांच्या वर्णनात गोंदणाचे उल्लेख येतात. तुळशीवृंदावन, विंचू, पाळणा, लक्ष्मीची पावले, हनुवटीवरील ठिपके इत्यादी आकृत्यांचे अर्थ कोणते, त्या कोणत्या समाजात व शरीराच्या कोणत्या भागावर काढल्या जातात, याची माहिती अशा लेखनातून मिळते. ही कामगिरी मोलाची आहे, यात शंका नाही.

तथापि, गोंदणाची आकृती कागदावर उतरवून घेताना एक गोष्ट नकळत गळून पडते. त्वचेवरील रेषेच्या जागी कागदावर लेखणीची रेषा येते. लेखणीची रेषा सारख्या जाडीची, सलग व काळीभोर असते. त्वचेवरील रेषा कोठे जाड, कोठे बारीक, कोठे निळसर, कोठे तुटक अशी असते. ही सर्व लक्षणे हत्याराची, हाताची व त्वचेची साक्ष देणारी असतात. आकृतीची नोंद झाली, परंतु ती ज्या कौशल्याने उमटली त्याची नोंद राहिली नाही, असा या पद्धतीचा परिणाम झाला.

प्रस्तुत लेखात गोंदणातील ठळक व अखंड रेषेचा इतिहास तिच्या तंत्राच्या अंगाने पाहावयाचा आहे. त्यातून पुढे येणारा मुख्य मुद्दा असा की, गोंदणाची काळी, भरीव रेषा ही सुईच्या जोराने अथवा शाईच्या विपुलतेने साधत नाही. ती खोलीच्या एकसारखेपणाने साधते. निरनिराळ्या देशांत व काळांत हत्यारे बदलली, परंतु सोडवावयाचा प्रश्न हाच राहिला. विजेवर चालणाऱ्या यंत्राने हा प्रश्न नव्याने निर्माण केला नाही, किंवा तो कायमचा मिटवलाही नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे हाताने गोंदणाऱ्यांच्या कौशल्याविषयीचे मत पुष्कळ बदलावे लागते.

२

प्रथम त्वचेची रचना पाहणे आवश्यक आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तळहात व तळपाय वगळता ती बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपासच जाड असते. तिच्या पेशी खालून वर सरकत जातात व शेवटी झडून पडतात. साधारणपणे महिना-दीड महिन्यात हा थर नवा होतो. तिच्याखाली अंतस्त्वचा असते. ही तंतुमय, चिवट व स्थिर असून तिची जाडी शरीराच्या भागानुसार एक मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खाली मेदाचा सैल थर लागतो.

गोंदणाचा रंग टिकतो तो अंतस्त्वचेत. शाई केवळ बाह्यत्वचेत राहिली तर ती त्या थराबरोबर झडून जाते. सुई अंतस्त्वचा ओलांडून मेदात गेली तर शाई आजूबाजूस पसरते आणि रेषेच्या कडेला निळसर छटा येते. म्हणजे गोंदणाऱ्यास वावरावयास मिळणारी जागा एक-दोन मिलिमीटरांची असते. या अरुंद पट्ट्यात सुईचे प्रत्येक टोचणे सारख्या खोलीवर पडावे लागते. काही टोचणी उथळ पडली तर रेषेत खंड पडतो. काही खोल गेली तर रेष फुगते. टोचण्यांमधील अंतर वाढले तर रेषेऐवजी ठिपक्यांची ओळ दिसते. उलट एकाच जागी फार वेळ टोचले तर त्वचा फाटते, खपली जाड धरते आणि खपलीबरोबर रंगही निघून जातो. म्हणून अधिक काळे करण्याच्या हेतूने अधिक टोचण्याचा प्रयत्न पुष्कळदा रेष फिकी करूनच थांबतो.

नुकत्याच काढलेल्या गोंदणाचा काळेपणा फसवा असतो, हेही येथे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी दिसणारी गडद रेषा दोन्ही थरांतील शाईची मिळून असते. बाह्यत्वचा झडल्यावर जी उरते ती खरी रेषा. रेषेची परीक्षा काही आठवड्यांनंतरच करता येते आणि ती परीक्षा खऱ्या अर्थाने पूर्ण व्हावयास अनेक वर्षे लागतात.

अंतस्त्वचेत रंग कसा टिकून राहतो, यावर अलीकडच्या संशोधनाने महत्त्वाचा प्रकाश टाकला आहे. रंगाचे कण शरीरातील भक्षकपेशी गिळतात, परंतु त्यांना ते पचवता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. रंग धारण करणाऱ्या भक्षकपेशी नष्ट केल्या तरी गोंदण नाहीसे झाले नाही. मृत पेशींतून सुटलेले कण नव्याने आलेल्या भक्षकपेशींनी जागच्या जागी पुन्हा गिळले. रेषेचे स्थैर्य म्हणजे निश्चलता नव्हे. सतत चालणाऱ्या हस्तांतराचा तो परिणाम आहे. या हस्तांतरात कण थोडेथोडे सरकत असावेत, या कल्पनेने जुन्या गोंदणाच्या कडा मऊ होण्याचा उलगडाही काही अंशी होऊ शकतो.

रंगद्रव्याच्या बाबतीत जगभर आढळणारी एकवाक्यता लक्षणीय आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या समाजांनी काजळी अथवा कोळशाची पूड, म्हणजेच कार्बन, हेच द्रव्य निवडले. याची कारणे सरळ आहेत. कार्बन प्रकाश शोषून घेतो, पाण्यात विरघळत नाही, उन्हाने विटत नाही आणि शरीरातील रसायनांना दाद देत नाही. दिव्याच्या ज्योतीवर धरलेली काजळी अतिशय सूक्ष्म कणांची असल्यामुळे ती जखमेत सहज शिरते. वनस्पतींचे रस शाई कालवण्यास उपयोगी पडले, तरी शतकानुशतके टिकणारा काळेपणा कार्बनचाच होय.

जुने गोंदण हिरवट अथवा निळसर दिसते, यावरून शाईत पानांचा रस होता म्हणून तसा रंग आला, असे समजणे साहजिक आहे. वस्तुतः हा परिणाम प्रकाशाचा आहे. तांबड्या बाजूचा प्रकाश त्वचेत खोलवर जातो व कार्बनकडून शोषला जातो; निळ्या बाजूचा प्रकाश कार्बनपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विखरून परत फिरतो. त्यामुळे त्वचेखालचा काळा रंग निळसर दिसतो. पिंगट त्वचेतून पाहिल्यास त्यात हिरवट झाक येते. रंग जितका खोल, तितका निळेपणा अधिक. म्हणजे रेषेची छटा ही सुईच्या खोलीची एक प्रकारे नोंदच ठरते.

३

हाताने गोंदण्याच्या हत्यारांचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतील : एकाग्र टोकाचे टोचणे, फणीसारखे अनेक दातांचे हत्यार, आणि एकत्र बांधलेल्या सुयांचा जुडगा. प्रत्येकाने खोलीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे.

एकाग्र टोकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या हिममानवाचे आहे. ‘ओट्झी’ या नावाने ओळखला जाणारा हा मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्याच्या शरीरावर गोंदणाच्या ६१ खुणा आहेत. त्या बहुतेक सरळ समांतर रेषा असून थोड्या ठिकाणी फुल्या आहेत. त्वचेला चिरा पाडून त्यात कोळसा चोळून या रेषा काढल्या असाव्यात, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या प्राचीन पद्धतींनी व हत्यारांनी जिवंत त्वचेवर प्रत्यक्ष गोंदून पाहण्यात आले आणि बऱ्या झालेल्या रेषांची तुलना ओट्झीच्या रेषांशी करण्यात आली. चिरून काढलेल्या रेषेची टोके निमुळती होतात. टोचून काढलेल्या रेषेची टोके गोलसर राहतात व तिच्या कडेला ठिपक्यांचा मागमूस दिसतो. या लक्षणांवरून ओट्झीच्या रेषा हाडाच्या अथवा तांब्याच्या एकाग्र टोकाने टोचून काढल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. आकृतीचा अर्थ काहीही असो, रेषेच्या टोकाने हत्यार ओळखून दिले, ही गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

एकाग्र टोकाने अखंड रेष काढणे कष्टाचे असते. एक सेंटिमीटर रेषेत पाव मिलिमीटर अंतराने टोचावयाचे म्हटले तर चाळीस टोचणी लागतात. आणि त्या चाळिसांचीही खोली सारखी असावी लागते. प्रशांत महासागरातील बेटांवरील लोकांनी या कष्टावर फणीचा उपाय काढला. टोंगाटापू बेटावर सापडलेल्या हाडांच्या गोंदणफण्या सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवण्यात आले. सामोआ बेटांवर ही परंपरा आजही जिवंत आहे. दांड्याला काटकोनात बसवलेली दातेरी फणी शाईत बुडवून त्वचेवर टेकवतात व दुसऱ्या हातातील काठीने तिच्यावर ठोका देतात. एका ठोक्यात दातांची संपूर्ण ओळ उमटते. सर्व दात एकाच पातळीत असल्यामुळे त्यांची खोलीही जवळजवळ सारखी राहते. मदतनीस दोन्ही बाजूंनी त्वचा ताणून धरतात. हे ताणणे दुय्यम काम नव्हे. सैल त्वचा सुईबरोबर दबते, त्यामुळे ठोका सारखा असला तरी भेद सारखा होत नाही. ताठ धरलेली त्वचा ही ठळक रेषेची अर्धी तयारी होय. जेम्स कुकच्या जहाजावरील मंडळींनी १७६९ मध्ये ताहिती येथे ही कला पाहून तिची वर्णने लिहून ठेवली. त्यांच्याद्वारेच तेथील मूळ शब्द ‘टॅटू’ या रूपाने इंग्रजीत रूढ झाला.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांची चेहऱ्यावरील पारंपरिक पद्धत याहून निराळी होती. तेथे पटाशीसारख्या हत्याराने त्वचेत खाच पाडून तीत रंग भरीत. ती रेषा हाताने चाचपता येईल अशी खोलगट असे. पुढे धातूच्या सुया आल्या, तेव्हा त्याच आकृत्यांच्या रेषा सपाट झाल्या. आकृती तीच राहून रेषा बदलल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. केवळ आकृती नोंदवणाऱ्याच्या वहीत हा बदल दिसणारही नाही.

तिसरा प्रकार सुयांच्या जुडग्याचा. जपानमध्ये बांबूच्या अथवा लाकडाच्या दांड्याच्या टोकाला सुया बांधून हाताने गोंदण्याची परंपरा आहे. तेथे बाह्यरेषा काढणे व छटा भरणे ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात. बाह्यरेषेचे काम आधी पुरे होते. रेषेसाठी थोड्या व घट्ट बांधलेल्या सुया, छटेसाठी पुष्कळ व पसरून बांधलेल्या सुया, असा भेद केला जातो. उतागावा कुनियोशी याने १८२७ पासून काढलेल्या गोंदणधारी वीरांच्या काष्ठमुद्रित चित्रांचा या कलेवर मोठा प्रभाव पडला. मुद्रणात आधी काळी बाह्यरेषा व मग रंग हा क्रम असतो. गोंदणातही तोच क्रम दिसतो. १८७२ मध्ये जपान सरकारने गोंदणावर बंदी घातली व ती १९४८ मध्ये उठली. त्या काळातही ही कला गुप्तपणे चालू राहिली.

जुडग्याचा लाभ दुहेरी असतो. एक तर सुयांच्या मधल्या फटींत शाई धरून ठेवली जाते व टोचताना ती थेट जखमेत उतरते. गोंदणाची सुई पोकळ नसते. शाई ती आत ढकलीत नाही, तर तिने केलेल्या छिद्रात शाई आपोआप ओढली जाते. दुसरे असे की, जवळजवळच्या छिद्रांची वर्तुळे परस्परांत मिसळून रेष सलग होते. मात्र सुयांची टोके एका पातळीत बांधणे हे बांधणाऱ्याचे कसब असते. एखादी सुई पुढे आली तर ती खोल जाते आणि बाकीच्या उथळ राहतात. हत्यार तयार करतानाच रेषेची गुणवत्ता बऱ्याच अंशी ठरून जाते, असे म्हणता येईल.

४

यंत्राचा इतिहास गोंदणापासून नव्हे, तर कार्यालयीन लेखनापासून सुरू होतो. टॉमस एडिसन याला १८७६ मध्ये विजेच्या लेखणीचे पेटंट मिळाले. या लेखणीच्या टोकाशी लहान विद्युत्‌चलित्राने वेगाने खालीवर होणारी सुई होती. तिने कागदावर लिहिले की बारीक छिद्रांची अक्षरे उमटत. त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवून पुष्कळ प्रती काढता येत. रांगोळीच्या छिद्रांच्या छाप्यातून आकृती उमटते, त्याच तत्त्वाचा हा प्रकार होता. न्यूयॉर्क येथील गोंदणकार सॅम्युएल ओरायली याने अशाच रचनेचे गोंदणयंत्र सिद्ध केले. ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला त्याचे पेटंट मिळाले. कागदाला छिद्रे पाडणारी सुई अशा रीतीने त्वचेकडे वळली. पुढे १९०४ मध्ये चार्ल्स वॅग्नर याला व १९२९ मध्ये पर्सी वॉटर्स याला विद्युत्‌चुंबकावर चालणाऱ्या यंत्रांची पेटंटे मिळाली. दारावरील विजेच्या घंटेत ज्याप्रमाणे चुंबक पट्टीला ओढतो, प्रवाह तुटतो, पट्टी परत येते व पुन्हा ओढली जाते, त्याचप्रमाणे या यंत्रात सुई खालीवर होते.

यंत्राने साधलेली मुख्य गोष्ट म्हणजे वेग. सुईचे सेकंदाला शंभर आघात होतात असे धरले आणि हात सेकंदाला एक सेंटिमीटर सरकला, तर छिद्रांमधील अंतर एक दशांश मिलिमीटर राहते. हाताने टोचताना इतक्या दाट छिद्रांची रेष काढण्यास कित्येक पट वेळ लागेल. शिवाय प्रत्येक आघाताची लांबी यंत्रात ठरवून देता येते. त्यामुळे लांब, सफाईदार व एकसारख्या जाडीच्या बाह्यरेषा काढणे सुकर झाले. ठळक काळी बाह्यरेषा, मोजकी छाया व थोडे रंग ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन गोंदणाची ओळख बनली. तिच्यामागे या यंत्राचा मोठा वाटा आहे.

तथापि, या यशाची मर्यादाही स्पष्ट आहे. यंत्र आघाताची लांबी ठरवते. सुई त्वचेत किती शिरली हे हातच ठरवतो. हात सेकंदाला एकाऐवजी पाच सेंटिमीटर सरकला तर छिद्रांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरवर जाते, व बारीक सुईची रेष तुटक होते. हात रेंगाळला तर तेच यंत्र त्वचा फाडते. सुई तिरपी धरली तर रंग एका बाजूस सरकून रेषेला सावली येते. त्वचा ताणण्याचे काम तर यंत्राने मुळीच उचललेले नाही. सामोआतील मदतनिसाचे हात येथे गोंदणकाराच्या डाव्या हाताच्या बोटांत येऊन बसले, एवढाच फरक. आजही रेषेसाठी गोल व घट्ट बांधलेल्या सुया आणि छटेसाठी पसरट सुया वापरतात. हा भेद जपानी हस्तगोंदणातही होता. यंत्राने कौशल्याची जागा घेतली नाही. त्याने कौशल्याला वेग दिला.

५

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील गोंदणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. गावोगाव फिरणाऱ्या अथवा जत्रेत बसणाऱ्या गोंदणारणींची पद्धत तिसऱ्या प्रकारात मोडते. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधावयाच्या, दिव्याचे काजळ किंवा कोळशाची पूड पाण्यात, वनस्पतीच्या रसात अथवा स्त्रीच्या दुधात कालवावयाची, हाताने त्वचा ताणून धरून टोचावयाचे आणि शेवटी हळद लावावयाची, असा सर्वसाधारण क्रम असे. टोचताना गाणी म्हटली जात. या गाण्यांनी मुलीचे मन वेदनेवरून दूर होई, हे तर खरेच. परंतु अंग आखडून न घेता ती स्थिर बसे, हाही लाभ होता. आखडलेल्या किंवा हलणाऱ्या हातावर सारख्या खोलीची टोचणी पडणे कठीण असते.

जुन्या पिढीतील स्त्रियांच्या हातांवरील गोंदण पाहून ते ओबडधोबड असल्याचा अभिप्राय सहज दिला जातो. रेषा जाड आहेत, रंग हिरवट आहे, कडा अस्पष्ट आहेत, ही त्याची कारणे सांगितली जातात. या अभिप्रायात एक मूलभूत चूक आहे. पन्नास-साठ वर्षे वय झालेल्या रेषेची तुलना काल काढलेल्या रेषेशी केली जाते. वर दाखविल्याप्रमाणे हिरवटपणा हा प्रकाशाचा गुण आहे. कडांचा मऊपणा हा कणांच्या सावकाश सरकण्याचा व वार्धक्याने सैल झालेल्या त्वचेचा परिणाम आहे. शिवाय हे गोंदण पुष्कळदा बालवयात होई. हात वाढला तशी आकृतीही त्याच्याबरोबर ताणली गेली. यांपैकी कोणताही दोष गोंदणारणीच्या हातावर लादता येत नाही. इतक्या वर्षांनंतरही वृंदावनाची पायरी पायरी म्हणून ओळखू येत असेल, तर टोचणी योग्य थरात पडली होती, याचे ते प्रमाणच आहे. जी उथळ होती ती केव्हाच झडून गेली असती; जी फार खोल होती तिचा निळा डाग झाला असता.

आकृत्यांची निवडही तंत्राशी निगडित असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. ठिपके, तुटक ओळी, फुल्या, एकमेकींपासून अंतर राखणाऱ्या आखूड रेघा यांचे प्रमाण पारंपरिक गोंदणात मोठे आहे. रेषा कालांतराने फुगणार हे गृहीत धरले, तर मोकळ्या जागा राखणारी आकृती अधिक काळ वाचनीय राहते. ठिपक्याला सलगतेची अटही नसते. याचा अर्थ या आकृत्यांना धार्मिक अथवा सामाजिक अर्थ नव्हता असा नव्हे. अर्थाने सुचवलेल्या अनेक रूपांपैकी त्वचेवर टिकणारी रूपे परंपरेने जपली, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

अक्षरांची गोष्ट याच्या उलट आहे. अक्षराला अखंड रेषा लागते. नागरी लिपीत तर प्रत्येक शब्दावर लांब सरळ शिरोरेषा येते. ती थोडी जरी थरथरली तरी डोळ्याला खुपते. ‘म’, ‘भ’, ‘ष’ यांसारख्या अक्षरांतील लहान पोकळ्या रेषा फुगताच भरून जातात. गोंदलेल्या अक्षरांची वाचनीयता हा प्रश्न एका वेगळ्या व दुःखद संदर्भात राज्यकर्त्यांपुढेही आला होता. बंगाल इलाख्यात १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदून गुन्ह्याची नोंद करण्याची शिक्षा रूढ करण्यात आली. ती १८४९ मध्ये रद्द झाली. देहाला अलंकृत करणारी रेषा येथे देहाला कलंकित करण्यासाठी वापरली गेली. तिच्या अमिटपणावर राज्यसंस्थेने भिस्त ठेवली. परंतु केस व पागोटे यांच्या आड कपाळावरील अक्षरे लपवता येत असत.

महाराष्ट्रात साक्षरतेच्या प्रसाराबरोबर दंडावर व मनगटावर नावे गोंदवण्याची हौस वाढली आणि विसाव्या शतकात जत्रांतून बॅटरीवर चालणारी गोंदणयंत्रे दिसू लागली. लांब सलग रेषा मागणारे अक्षर व ती जलद काढून देणारे यंत्र यांचा हा मेळ योगायोगाचा नसावा. मात्र या बदलात गोंदणारणीचे स्थान ओसरले. तिच्याबरोबर सुया बांधण्याची, काजळ धरण्याची व त्वचा ताणण्याची रीतही मागे पडत गेली. आकृत्यांच्या याद्या ग्रंथांत राहिल्या; हाताची रीत मात्र ग्रंथांत गेली नव्हती, म्हणून ती हाताबरोबरच संपू लागली.

६

या हानीची भरपाई काही अंशी तरी करता येण्यासारखी आहे, हे अलीकडच्या दोन उदाहरणांवरून दिसून येईल. इजिप्तमधील गेबेलेन येथे सापडलेला पाच हजार वर्षांहून जुना एक पुरुषदेह ब्रिटिश म्युझियममध्ये शतकाहून अधिक काळ होता. त्याच्या दंडावरील काळसर डागाला कोणीही विशेष महत्त्व दिले नव्हते. अवरक्त प्रकाशात पाहिल्यावर तो डाग म्हणजे एक रानबैल व एक रानमेंढा यांच्या आकृती असल्याचे स्पष्ट झाले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अवरक्त प्रकाश त्वचेत कमी विखुरतो आणि कार्बन तो शोषून घेतो; त्यामुळे डोळ्यांना अस्पष्ट झालेली रेषा त्या प्रकाशात पुन्हा उठून दिसते.

दुसरे उदाहरण सायबेरियातील अल्ताई पर्वतातील पाझिरिक संस्कृतीचे आहे. तेथील हिमाच्छादित थडग्यांतून मिळालेल्या सुमारे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या देहाची अवरक्त प्रकाशातील सूक्ष्म छायाचित्रे घेऊन केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. रेषांच्या जाडीवरून तेथे अनेक टोकांचे व एकाग्र टोकाचे अशी दोन प्रकारची हत्यारे वापरली गेल्याचे अनुमान काढण्यात आले. उजव्या हातावरील काम डाव्याहून अधिक सफाईदार आढळले. त्यावरून ते दोन निरनिराळ्या कारागिरांचे, अथवा एकाच कारागिराच्या शिक्षणातील दोन अवस्थांचे असावे, असे अभ्यासकांनी सुचवले. ज्याचे नाव, भाषा व चेहरा काळाच्या उदरात गेला, त्या कारागिराचा हात त्याच्या रेषेवरून ओळखता आला.

जे मृतांच्या देहांवरून इतक्या परिश्रमाने वाचावे लागते, ते महाराष्ट्रात अद्याप जिवंत स्त्रियांच्या हातांवर उपलब्ध आहे आणि त्याचा अर्थ सांगणारी जाणती व्यक्तीही समोर आहे. म्हणून पुढील नोंदींमध्ये आकृतीच्या जोडीने काही गोष्टी असणे अगत्याचे वाटते. गोंदण कोणत्या वयात झाले व त्याला किती वर्षे लोटली. शरीराच्या कोणत्या भागावर आहे. रेषेची जाडी निरनिराळ्या ठिकाणी किती भरते. तिची छटा कोठे काळी व कोठे निळसर आहे. टोके गोल आहेत की निमुळती. ठिपके स्वतंत्र दिसतात की मिसळलेले. सुया किती होत्या व त्या कशा बांधल्या होत्या. काजळ कशाचे होते. त्वचा कोणी व कशी ताणली. जखम भरेपर्यंत काय लावले. रेषेशेजारी मोजपट्टी ठेवून साधे व अवरक्त अशी दोन्ही छायाचित्रे घेतली, तर कागदावर नक्कल करताना गळून पडणारा भाग हाती राहील. अर्थात हे सर्व त्या स्त्रीच्या पूर्ण संमतीने व तिच्या मर्यादेचा मान राखून व्हावयास हवे. तिचा हात हा संग्रहालयातील वस्तू नव्हे.

दागदागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी एक श्रद्धा महाराष्ट्रातील स्त्रियांत आढळते. ज्या स्त्रीच्या मालकीचे म्हणावे असे फार थोडे होते, तिला या श्रद्धेने दिलेला दिलासा समजण्यासारखा आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र या वाक्याचा अर्थ असा होतो की, प्रत्येक अंत्यविधीबरोबर या कलेचा एक मूळ दस्तऐवज नाहीसा होतो. ओट्झीचा देह बर्फाने राखला, पाझिरिकच्या स्त्रीचा देह गोठलेल्या मातीने राखला. महाराष्ट्राच्या हवामानात व येथील दहनाच्या रूढीत असे काही राखले जाण्याची शक्यता नाही. गोंदणारणीच्या हाताची साक्ष नोंदवावयाची असेल तर ती आताच नोंदविली पाहिजे. आणि ती नोंदविताना आकृतीइतकेच लक्ष रेषेकडेही दिले पाहिजे.